डोकं फिरल्यावरचा डाव

गेल्या महिन्यातली गोष्ट. शनिवार, रात्रीचे पावणेदोन, मित्राचा बाणेरमधला फ्लॅट. माझ्या हातात एक्क्यांची जोडी! पोकरमध्ये याहून भारी सुरुवात नाही. समोरच्याकडे निघाली राजांची जोडी. दोघांनी होते नव्हते ते पैसे मध्ये लोटले, आणि शेवटचं पान आलं तिसरा राजा. सहा हजार गेले.

आता मी पडलो इंजिनियर. एक्के विरुद्ध राजे या लढतीत साधारण पाचात एकदा एक्के हरतात, हे मला तोंडपाठ आहे. पण त्यानंतरची चाळीस मिनिटं मी जे केलं त्याला खेळ म्हणत नाहीत. हातात काहीही येवो, भिडायचंच. पोकरवाले याला 'टिल्ट' म्हणतात. शब्द आला पिनबॉलच्या यंत्रावरून. वैतागून यंत्रच गदागदा हलवलं की त्यावर 'टिल्ट' अशी पाटी पेटते आणि तो डाव बाद. तर अशा पाटी पेटलेल्या अवस्थेत अडीच वाजता चितेगावला ताईला मेसेज टाकला, "पाच हजार गूगल पे कर ना, अर्जंट आहे." उत्तर आलं, "नाही. झोप."

पुढचे दोन दिवस मी तिच्याशी बोललो नाही. तिसऱ्या दिवशी डोकं ताळ्यावर आलं आणि सवयीप्रमाणे पुस्तकं काढली. म्हटलं बघू तरी, आपल्याआधी कोणाकोणाचं असं झालंय ते.

पहिला नंबर अर्थातच धर्मराजाचा. लहानपणापासून माझी समजूत अशी की शकुनी लबाड होता, विषय संपला. पण महाभारताचं वनपर्व नीट वाचलं तर वेगळंच काही हाती लागतं. अरण्यात भीम मोठ्या भावाला चांगलंच फैलावर घेतो, तेव्हा युधिष्ठिर कबुली देतो. म्हणतो की दुर्योधनाचं राज्य घ्यायचं माझ्याच मनात होतं. फासे शकुनीच्या मनाप्रमाणे पडताहेत हे मला दिसत होतं. तिथेच मनाला आवर घालता आला असता, पण रागापुढे धीर टिकत नाही. म्हणजे बघा, पटावर काय चाललंय हे माणसाला कळत होतं आणि तरीही तो पुढचा पण लावत होता! धन, मग नकुल, सहदेव, अर्जुन, भीम, मग स्वतः, मग द्रौपदी. आणि धृतराष्ट्राने सगळं परत दिल्यावर, घरी निघालेला असताना, दुसऱ्या डावाचं बोलावणं आलं तर हा परत जाऊन बसला. पहिल्या डावाचं खापर शकुनीवर फोडता येईल, दुसऱ्याचं कसं फोडणार?

डॅनियल कानमन आणि एमस टव्हर्स्की यांनी 1979 साली एका निबंधात मांडलं की हरण्याचं दुःख तेवढ्याच जिंकण्याच्या आनंदापेक्षा मोठं असतं, आणि झालेला तोटा मनाने न स्वीकारलेला माणूस एरवी घेतला नसता असा धोका पत्करतो. भीमाला एवढं सगळं सांगावं लागलं नव्हतं, त्याला समोर दिसत होतं :)

वनपर्वातच पुढे बृहदश्व ऋषी युधिष्ठिराला नळाची गोष्ट सांगतात. नळ म्हणजे आपल्या विदर्भाचा जावई. इथे तर रूपकच थेट आहे: कली नळाच्या अंगात शिरतो. मग मंत्री दाराशी येतात, प्रजा येते, दमयंती विनवते, याला काही ऐकूच येत नाही. सगळं हरून तो ऋतुपर्ण राजाचा सारथी होतो. वाटेत ऋतुपर्ण एका बेहड्याच्या झाडाकडे नुसतं बघून पानं आणि फळं किती ते सांगतो. नळ रथ थांबवतो, झाड तोडतो आणि मोजतो. हिशोब तंतोतंत! मग अश्वविद्येच्या बदल्यात तो राजाकडून 'अक्षहृदय' शिकतो, म्हणजे फाशांची आणि मोजणीची विद्या. ती विद्या येताच कली अंगातून बाहेर पडतो. (बेहड्याचंच झाड का? तर वैदिक काळी फासे म्हणून बेहड्याची फळं वापरत.)

गणित आलं की भूत उतरलं, हे वाचून कुठल्याही इंजिनियरची छाती फुगेल. माझीही फुगली. पण मग आठवलं, पाचात एकदा हे मला त्या रात्रीही येत होतं की! मला नळापेक्षा तिसरा माणूस जवळचा वाटला, आणि तो आमच्याच रस्त्यावरचा निघाला.

चितेगावहून पैठण तीसेक किलोमीटर. तेराव्या शतकात, यादवांच्या काळात, चक्रधरस्वामींचा पैठणला मुक्काम असायचा. महानुभाव पंथाचे संस्थापक म्हणून ते नाव आपण शाळेत पाठ केलं. पण त्याआधी ते भडोचच्या प्रधानाचे पुत्र हरिपाळदेव होते, आणि त्यांना द्यूताचा नाद होता, हे शाळेत कुठे सांगितलं होतं? म्हाइंभटांनी आठवणी गोळा करून लिहिलेल्या 'लीळाचरित्रा'त ते सरळ येतं. मराठीतल्या अगदी सुरुवातीच्या गद्यग्रंथाला ही गोष्ट झाकावीशी वाटली नाही याचं मला फार कौतुक आहे. एकदा हरिपाळदेव मोठी रक्कम हरले. देणं फेडायला पत्नी कमळाइसेकडे दागिने मागितले. तिने दिले नाहीत. त्यातून मन उडालं, रामटेकच्या यात्रेचं निमित्त करून घर सोडलं, आणि वाटेत ऋद्धिपूरला गोविंदप्रभू भेटले.

पंथाच्या श्रद्धेने ही ईश्वराची लीळा आहे, त्यात मी शिरत नाही. मी आपला कमळाइसेपाशी अडकलो. युधिष्ठिराला सभेत विदुर थांबवत होता, त्याचं कोणी चालू दिलं नाही. नळाने दमयंतीचं ऐकलं नाही. इथे मात्र माल बाईच्या हातात होता आणि ती नाही म्हणाली.

ऑगस्ट 2025 मध्ये केंद्राचा कायदा झाला आणि पैसे लावून ऑनलाइन खेळणं बंद झालं. त्याआधी मी मोबाईलवर खेळायचो, तेव्हा पैसे भरायला कोणाला विचारावं लागत नसे. अंगठा टेकवला की झालं. तिथे किती गेले ते इथे लिहीत नाही, आई ब्लॉग वाचते.

गेल्या रविवारी गावी गेलो होतो. ताईने चहा दिला आणि विचारलं, "त्या रात्री काय अर्जंट होतं रे?" मी म्हटलं, गाडीचं काम निघालं होतं.

"रात्री अडीचला?"

पुढच्या शनिवारचं बोलावणं आलंय. अजून हो-नाही काहीच कळवलेलं नाही.