बोरीबंदरचं तिकीट

फेब्रुवारी १८९७. मुंबईत प्लेगची साथ आहे आणि मांडवीतल्या एका चाळीच्या जिन्यात तुम्ही उभे आहात. कार्बोलिकच्या वासानं घसा धरलाय. शेजारच्या भिंतीवर रंगानं तीन इंग्रजी अक्षरं काढलीत, यू. एच. एच. म्हणजे हे घर माणसांनी राहण्याजोगं नाही. वरच्या मजल्यावर काखेत गाठ आलेली एक पोर कांबळ्याखाली लपवली आहे, आणि हे तुम्हाला ठाऊक आहे. झडतीवाले आले तर सांगाल?

याच महिन्यात साथरोग कायदा आलाय. आर्थर रोडच्या इस्पितळात माणसं मारून अंगातलं तेल काढतात, अशी चाळीत आवई आहे. तिला हसू नका. ज्या सरकारची ओळखच दार फोडून होते, त्याच्याबद्दल लोकांनी दुसरं काय समजावं?

लस मात्र कुणी बळजबरीनं टोचत नाही. ग्रँट मेडिकल कॉलेजात डॉ. हाफकिन मटणाच्या रश्श्यात, वर तुपाचे थेंब सोडून, प्लेगचे जंतू वाढवतात आणि तापवून मारतात. १० जानेवारीला त्यांनी ती लस आधी स्वतःला टोचून घेतली. मग भायखळ्याच्या तुरुंगातल्या कैद्यांना. कैद्याची राजीखुशी किती खरी, हा प्रश्न मला अस्वस्थ करतो. खोजांचे जेमतेम विशीचे धर्मगुरू आगाखान मात्र चारचौघांत, एकदा नव्हे पुन्हापुन्हा टोचून घेतात, तेव्हा त्यांच्या जमातीची भीती ओसरते.

तुम्ही टोचून घेत नाही. बोचकं बांधून बोरीबंदर गाठता. शरीर तुमचं, गावही तुमचंच. पण बोचक्यात पिसवा आहेत. उंदरांवरच्या पिसवांमुळे प्लेग पसरतो, हे पॉल-लुई सिमोंला कराचीत कळेल ते १८९८ साली. तोवर मुंबई सोडणाऱ्या लाखोंपैकी काहींच्या सामानातून तो गावोगाव उतरेल. वाईट हेतू कुणाचाच नसेल.

तेच स्टेशन, ऑगस्ट २०२१. आता साथ कोविडची. लोकलचा पास लशीचे दोन डोस घेऊन चौदा दिवस झालेल्यांनाच मिळतोय. तुम्ही डोस घेतलेला नाही, नोकरी कल्याणला, आणि तुम्ही संतापला आहात. २ मे २०२२ला सर्वोच्च न्यायालय तुमचं बरंचसं म्हणणं मान्य करेल: कुणालाही जबरदस्तीनं लस देता येणार नाही. सार्वजनिक आरोग्यासाठी सरकार वाजवी अटी घालू शकतं. पण लस न घेतलेल्यांकडून जास्त संसर्ग होतो, असा पुरावा सरकारांनी पुढे ठेवलेला नाही, तेव्हा तूर्त हे निर्बंध मागे घ्यावेत.

मला हे पटतं. अट घालणाऱ्यानं पुरावा द्यावा, तोही उघड. पण असा पुरावा समोर आला, तर 'माझी मर्जी' एवढं उत्तर मी पुरेसं मानणार नाही. परळला केमो घेऊन परतणारी बाई त्याच डब्यात तुम्हाला चिकटून उभी आहे. दुसऱ्या गाडीनं जाण्याइतके पैसे तिच्याकडे नाहीत.