भिंगरीवरची चार अक्षरं

ठाण्यात एका बेने इस्रायली मित्राच्या घरी हनुका या ज्यू सणाची तिसरी संध्याकाळ होती. खिडकीत तीन मेणबत्त्या आणि त्या पेटवणारी चौथी, ‘शामाश’, अशा चार ज्योती तेवत होत्या. घरातलं दोन वर्षांचं बाळ त्यांच्याकडे सारखं झेपावत होतं. शेवटी आजीनं त्याच्या मुठीत एक लाकडी भिंगरी दिली. चार बाजूंची, खाली टोक आणि वर बोटांच्या चिमटीत धरायला दांडी. त्याला ती फिरवता येईना. आम्ही फिरवायची आणि पडली की त्यानं टाळ्या पिटायच्या, असं तासभर चाललं. शेजारी मित्रांची मोठी मुलं शेंगदाणे लावून तोच खेळ खेळत होती. ही भिंगरी म्हणजे ड्रेडल.

तिच्या चार बाजूंवर चार हिब्रू अक्षरं असतात : नून, गिमेल, हे, शिन. ‘नेस गादोल हाया शाम’, म्हणजे ‘तिथे मोठा चमत्कार घडला’, या वाक्यातली ती आद्याक्षरं, असं मुलांना शिकवतात. तो चमत्कार इसवी सनापूर्वी 164 सालचा. अँटायोकस राजाच्या सैन्याकडून मक्काबी या ज्यू बंडखोरांनी जेरुसलेमचं मंदिर परत मिळवलं, तेव्हा शुद्ध तेल एकाच दिवसापुरतं सापडलं, पण दिवा आठ दिवस जळला. त्याला जोडून आणखी एक गोष्ट सांगतात. राजानं तोरा या ज्यू धर्मग्रंथाच्या अभ्यासावर बंदी घातली होती. मुलं लपून शिकायची आणि शिपाई आले की पोथ्या दडवून भिंगऱ्या काढायची.

गोष्ट फार गोड आहे. मात्र तालमूद या ज्यू धर्मशास्त्राच्या ग्रंथात हनुकाच्या दिव्यांची चर्चा असली, तरी भिंगरीचं नावही नाही. भिंगरीचं माहेर युरोपात आहे. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये ‘टोटम’ नावाचा खेळ होता, तोही नाताळाच्या दिवसांत विशेष खेळला जाणारा. लॅटिनमध्ये टोटम म्हणजे ‘सगळं’. भिंगरीच्या बाजूंवर लॅटिन शब्दांची आद्याक्षरं असत : उचल, ठेव, काही नाही, सगळं. पुढे इंग्रजी शब्दांची अक्षरं आली. जर्मनीत याच खेळाच्या भिंगरीवर एन, जी, एच, एस अशी अक्षरं होती : निश्ट्स म्हणजे काही नाही, गान्त्स म्हणजे सगळं, हाल्ब म्हणजे अर्धं आणि श्टेल आइन म्हणजे भर घाल.

यिद्दिश ही जर्मनशी सख्खं नातं असलेली, पण हिब्रू लिपीत लिहिली जाणारी भाषा. ती बोलणाऱ्या ज्यूंनी शेजाऱ्यांचा खेळ घेतला तेव्हा त्याची अक्षरंही आपल्या लिपीत उतरवली. निश्टचा नून, गान्त्सचा गिमेल, हाल्बचा हे, श्टेलचा शिन. नून पडला तर काही मिळत नाही, गिमेलवर मधला सगळा ढीग मिळतो, हे आला की अर्धा, आणि शिन पडला की आपल्याकडचा एक दाणा टाकावा लागतो. ठाण्याच्या त्या घरात शेंगदाण्यांची वाटणी याच नियमानं होत होती. ‘ड्रेडल’ हे नावही ‘द्रेयेन’, म्हणजे फिरणं, या यिद्दिश क्रियापदातून आलेलं. हनुकाचे दिवे जळत असेपर्यंत बायकांनी काम करू नये, अशी रूढी आहे. थंडीच्या लांब रात्री आणि ही सक्तीची सुटी, यांत खेळ रुजला यात मला नवल वाटत नाही.

म्हणजे अक्षरं आधी आली आणि वाक्य नंतर. मला या कुळकथेतलं हेच सर्वांत मोलाचं वाटतं. डाव कसा वाटायचा हे सांगणाऱ्या चार खुणांमध्ये लोकांना आपला इतिहास वाचता आला. कुणी त्या अक्षरांची अंकमूल्यं मांडली : 50, 3, 5 आणि 300, बेरीज 358. ‘माशियाख’, म्हणजे येणारा तारणहार, या शब्दाचीही बेरीज तेवढीच. उसन्या खेळण्याला त्यांनी असं जीव लावून आपलंसं केलं. त्याचं मूळ सांगितल्यानं ते आपलेपण उणावत नाही.

हिब्रूत या भिंगरीला ‘सेविवोन’ म्हणतात. तोही ‘फिरणं’ या अर्थाच्या धातूपासून बनलेला शब्द. हिब्रू पुन्हा बोलभाषा व्हावी म्हणून झटलेल्या एलिएझर बेन-येहुदा यांचा मुलगा इतामार जेरुसलेममध्ये 1882 साली जन्मला. त्याच्या कानावर हिब्रूशिवाय दुसरी भाषा पडू नये, असा वडिलांचा हट्ट होता. हा शब्द त्यानं पाच वर्षांचा असताना घडवला, असं सांगतात. मुलाच्या खेळण्याला मुलानंच नाव द्यावं, हे फार शोभून दिसतं.

कोकणातल्या बेने इस्रायलींकडे ड्रेडल उशिरा आलं. त्यांच्या परंपरेप्रमाणे पूर्वजांचं जहाज अलिबागजवळ नवगावला फुटलं आणि त्यातून सात जोडपी वाचली. ती घरं तेलाच्या घाण्यावर जगली आणि शनिवारी घाणा बंद ठेवायची, म्हणून ‘शनिवार तेली’ म्हणवली गेली. पण हनुका त्यांना ठाऊक नव्हता. मक्काबींच्या विजयाआधीच आपले पूर्वज मायदेशातून निघाले होते, असं त्याचं कारण ते देतात. पिढ्यान्‌पिढ्या तेल गाळणाऱ्यांना हा तेलाचा सण कोचीहून आलेल्या शिक्षकांमुळे आणि बाहेरच्या ज्यूंच्या सहवासातून कळला.

1948 नंतर यांतली बहुतेक कुटुंबं इस्रायलला गेली. अश्दोद, लोद, दिमोना इथे त्यांची नातवंडं, पतवंडं ड्रेडल फिरवतात. तिथल्या भिंगरीवर शिन नसतो, ‘पे’ असतो. ‘शाम’ म्हणजे तिथे, ‘पो’ म्हणजे इथे : ‘इथे मोठा चमत्कार घडला’. ठाण्यातल्या त्या बाळाच्या मुठीतल्या भिंगरीवर मात्र अजून शिनच आहे.