पगारातले दोनशे आणि रोजगार हमीचे काम

माझ्या पगारातून दरमहा २०० रुपये व्यवसाय कर कापला जाई, फेब्रुवारीत मात्र ३००. वर्षाची कमाल मर्यादा २५०० रुपयांची, म्हणून हा हिशेब. पैसे जातात कुठे, हे मी बरीच वर्षे विचारलेच नाही.

तो कर १९७५ साली आला, रोजगार हमी योजनेसाठी. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांची ही कल्पना १९६५ मध्ये तासगाव तालुक्यात अजमावली गेली होती. १९७२च्या दुष्काळात ती राज्यभर पोचली आणि २६ जानेवारी १९७९ पासून तिला कायद्याचे बळ मिळाले. मागेल त्याला काम. शहरातल्या नोकरदाराने कर भरायचा, त्यात सरकारने तेवढीच भर घालायची. वर्षाला एवढ्याशा रकमेसाठी कुणी नोकरी सोडल्याचे माझ्या तरी ऐकिवात नाही.

खरी शंका दुसऱ्या टोकाला होती: फुकट पैसा मिळाला की लोक आळशी होतील. पण इथे फुकट काहीच नव्हते. खडी फोडायची, माती वाहायची, पाझर तलाव खणायचे, आणि मजुरी मिळायची कामाच्या मापाने. गरज नसेल तो अशा उन्हात कशाला येईल? आल्या त्या मोठ्या संख्येने बायका. मापाची मजुरी बाईला आणि पुरुषाला एकाच दराने होती. शेतावर तेव्हा तसे नव्हते. ज्यांना घरचे 'ती काही काम करत नाही' म्हणत, त्यांची नावे हजेरीपटावर आली. मला यातली ही गोष्ट सर्वांत मोठी वाटते.

मग १९८८ मध्ये किमान वेतन दुप्पट झाले आणि योजनेची मजुरीही तशीच वाढली. मजूर वाढायला हवे होते. उलट कामावरची हजेरी घटली. मार्टिन रॅव्हालियन, गौरव दत्त आणि शुभम चौधुरी या अर्थतज्ज्ञांनी १९९३ मध्ये याचा अभ्यास मांडला. त्यांचा निष्कर्ष असा, की लोकांनी काम नाकारले नव्हते, कामच मोजून मापून मिळू लागले होते. कायद्यातली हमी कागदावर तशीच होती. माझ्या पगारातली कपातही चालूच होती.