बी पेरावं की ठोंब लावावा? आपल्या गवताची जुनी गोष्ट

मागच्या बैठकीत गटातल्या एका सुनेनं विचारलं, "ताई, घरापुढे आणि बांधावर गवत करायचंय. बी आणू की ठोंब?" आम्ही आधी हसलो. शिंदखेड्यात गवत लावायचं? आपल्या आज्यांचा जन्म तर गवत उपटण्यात गेला! पण प्रश्न हसण्यासारखा नव्हता. उन्हाळा लागला की कडबा संपतो, शेळ्या बाभळीच्या शेंगांवर येतात आणि चाऱ्यासाठी बचतीच्या पैशाला हात लागतो. म्हणून आज गवताचीच गोष्ट सांगतो.

आज्या उपटत ते गवत म्हणजे हरळी आणि कुंदा. काळ्या जमिनीत त्यांची मुळं खोल जातात, हलक्या लाकडी नांगराला ती दाद देत नसत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला किर्लोस्करांनी लोखंडी नांगर काढला, तेव्हा लोखंडानं जमीन नासेल असं लोकांना वाटे. पहिले नांगर विकायलाच दोन वर्षं लागली. आणि आता बघा, शहरात बंगल्यापुढे घालायला हरळीच्याच जातकुळीचं गवत मातीसकट कापून चौरस फुटाच्या भावानं विकतात. आजीला सांगितलं असतं तर तिनं आपलं सगळं शेत विकायला काढलं असतं.

चाऱ्याचं गवत वेगळं. पवन्या, डोंगरी, मारवेल ही गवतं माळावर आपसूक येत. ती लावायची नसत, राखायची असत. राखलेल्या माळाला कुरण म्हणायचं आणि गावाच्या गुरांना गायरान असायचं. १८१८ मध्ये खानदेश इंग्रजांकडे गेला. पुढे १८७८ चा जंगलाचा कायदा आला. जोतीराव फुल्यांनी १८८३ मध्ये 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला. डोंगर, पडीक जमिनी, गायरानं जंगलात घालून टाकली आणि शेतकऱ्याच्या शेरडांना चरायला जागा ठेवली नाही, ही तक्रार त्यात आहे. त्यानंतर आला १८९९-१९०० चा दुष्काळ. विक्रम संवत १९५६ चा, म्हणून त्याला छपन्न्या म्हणतात. त्यात खानदेशातली गुरं चाऱ्यावाचून मेली.

उरलेल्या माळावर सगळ्या गावाची जनावरं चरू लागली की काय होतं, ते आपण रोज पाहतो. जनावर आधी गोड गवत खातं, तेही बी धरायच्या आत. असं वर्षानुवर्षं चाललं की पवन्या जातो, मारवेल जाते आणि लुगड्याला चिकटणारी कुसळी तेवढी उरते.

आपल्याच जिल्ह्यातलं धुळे तालुक्यातलं लामकानी घ्या. तिथला डोंगरही असाच उघडा पडला होता. २००० नंतरच्या वर्षांत डॉ. धनंजय नेवाडकर आणि गावकऱ्यांनी चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी केली, पाणी मुरवायला चर खोदले. डोंगरावर गवत परत आलं. तेव्हा आमचं मत असं की बी आणायला जाण्याआधी पावसाळ्यात महिनाभर बांध राखून पाहावा. चांगल्या गवताचे गड्डे जमिनीत जिवंत असतील तर ते फुटतात, आणि मग एक पैसाही खर्चायला नको.

काहीच फुटलं नाही, तर लावावं लागेल. बी स्वस्त पडतं, मोठ्या पडीकाला तेच परवडतं. पण नवं बी नीट उगवत नाही. गेल्या हंगामाचं, सहा महिने ते वर्षभर कोरडं ठेवलेलं बी घ्या. ते कापसासारखं हलकं असतं, वाऱ्यानं उडतं, मुंग्या नेतात. ओली माती आणि शेण कालवून त्याच्या बारीक गोळ्या करा आणि वरवर टाका. खोल गाडलं की गेलं. पहिल्या वर्षी तण काढावंच लागतं.

बांध छोटा असेल तर ठोंबच बरा. मारवेलीचं बी भरवशाचं नसतं, म्हणून ती ठोंबानंच लावतात. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठानं तिचे सुधारित वाण काढलेत. जुना गड्डा खणून दोन-तीन फुटव्यांचे मुळासकट तुकडे करायचे आणि चांगला पाऊस झाल्यावर दीड-दोन फुटांवर दाबायचे. अंगणात हिरवळ हवी असेल तर हरळीच्या कांड्या वीतभर अंतरावर खोचल्या तरी पुरतात. दूर्वा कोणी बी पेरून आणल्यात का कधी? शहरासारखे तयार तुकडे पहिले पंधरा दिवस रोज पाणी मागतात. जिथं हंड्यासाठी रांग लागते, तिथं ते आणू नयेत, असं आम्ही स्पष्टच सांगतो.

आमच्या गटानं यंदा दोन बांधांवर मारवेलीचे ठोंब लावायचं आणि तिसरा नुसता राखायचा ठरवलं आहे. राखणीची पहिली पाळी ज्यांच्या शेळ्या सगळ्यात जास्त त्या दोघींना आली. त्या थोड्या कुरकुरल्या, पण वहीत नाव लिहून गेल्या.