डिजिटल कॅमेरा कसा वापरायचा? फोटो काढण्यापासून ऑनलाइन शेअर करण्यापर्यंत

शहापूर, मुरबाडकडच्या बऱ्याच घरांत कपाटात एक छोटा डिजिटल कॅमेरा पडून असतो. दहा-पंधरा वर्षांपूर्वी कुणाच्या तरी लग्नासाठी घेतलेला, नंतर मोबाईल आला आणि तो मागे पडला. मित्रांनो, तो बाहेर काढा. फोनमध्ये सहसा नसलेली एक गोष्ट त्याच्याकडे आहे: खरा ऑप्टिकल झूम. फोनवर जास्त झूम केलं की बऱ्याचदा आहे तेच चित्र कापून मोठं केलं जातं. ऑप्टिकल झूममध्ये भिंग सरकतं आणि लांबचे बारकावे खरोखर टिपले जातात.

बारकाव्यांनी काय फरक पडतो, याचं उदाहरण आपल्याच भागातलं आहे. रानपिंगळा नावाचं छोटं घुबड १८८४ नंतर तब्बल ११३ वर्षं पक्षीतज्ज्ञांना सापडलं नव्हतं. ते १९९७ साली उत्तर महाराष्ट्रात शहाद्याजवळ पुन्हा दिसलं आणि २०१४ मध्ये चक्क आपल्या तानसा अभयारण्यात. आपल्याकडे नेहमी दिसणाऱ्या पिंगळ्याच्या डोक्यावर ठळक पांढरे ठिपके असतात, रानपिंगळ्याच्या डोक्यावर ते जवळपास नसतात. म्हणजे कोणता पक्षी पाहिला, हे फोटोतल्या काही ठिपक्यांवर ठरतं.

१. आधी कार्ड, बॅटरी आणि तारीख

- कार्ड: जुन्या कॅमेऱ्याला आजचं मोठं कार्ड चालेलच असं नाही. साधं एसडी कार्ड २ जीबीपर्यंत, एसडीएचसी ३२ जीबीपर्यंत आणि त्यापुढचं एसडीएक्ससी. कॅमेऱ्यावर किंवा मॅन्युअलमध्ये कोणतं नाव लिहिलंय ते बघून कार्ड घ्या. कार्डवरचे जुने फोटो आधी कॉपी करा, मग कॅमेऱ्यातूनच फॉरमॅट करा.
- बॅटरी: पेन्सिल सेलवर चालणारा कॅमेरा असेल तर रिचार्जेबल सेल घ्या. साधे सेल फार लवकर उतरतात.
- तारीख: बरेच दिवस बंद राहिलेल्या कॅमेऱ्यातलं घड्याळ मागे जातं. ते आधी बरोबर लावा, कारण प्रत्येक फोटोच्या फाईलमध्ये तारीख, वेळ आणि सेटिंग्ज लिहिली जातात. या माहितीला एक्झिफ म्हणतात.

तारखेवर एवढा जोर का? रानपिंगळ्याचा एक नमुना १९१४ साली गुजरातमध्ये मिळाला, असा दावा रिचर्ड माइनर्ट्झहॅगन या ब्रिटिश संग्राहकाने केला होता. पुढे उघड झालं की तो संग्रहालयातून चोरलेला एकोणिसाव्या शतकातला नमुना होता आणि त्यावर नवं खोटं लेबल लावलं होतं. एका लेबलामुळे अभ्यासकांची अनेक वर्षं दिशाभूल झाली. तुमच्या फोटोचं लेबल म्हणजे त्याचं एक्झिफ.

२. तीन सेटिंग्ज समजून घ्या

सुरुवात ऑटो मोडवर करा, पण तिथेच थांबू नका.

- शटर स्पीड: प्रकाश किती वेळ आत येतो. १/१००० सेकंदात उडता पक्षी थिजतो, १/४ सेकंदात धबधब्याचं पाणी रेशमासारखं दिसतं.
- अ‍ॅपर्चर: भिंगाचं छिद्र किती उघडं आहे. आकडा लहान, तर छिद्र मोठं. एफ २.८ ला जास्त प्रकाश येतो, एफ ८ ला कमी येतो पण पुढचं-मागचं जास्त स्पष्ट दिसतं.
- आयएसओ: अंधारात हा वाढवावा लागतो. छोट्या कॅमेऱ्यात ४०० च्या पुढे गेलं की फोटोत दाणे दिसू लागतात.

हातात धरून फोटो काढताना झूम जितका जास्त, तितका शटर वेगवान ठेवा. बटण आधी अर्धं दाबा, फोकसचा हिरवा चौकोन दिसू द्या, मगच पूर्ण दाबा. फोनची सवय असलेले हीच पायरी विसरतात आणि फोटो धूसर येतो.

३. आपल्या भागात सराव कुठे, कसा?

- माळशेज घाटातलं धुकं: कॅमेऱ्याला पांढरं धुकं राखाडी करायची सवय असते. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (प्लस-मायनसचं बटण) +०.७ किंवा +१ करा, धुकं पांढरं येईल.
- माहुलीचे सुळके: आसनगावकडून दिसणारे नवरा-नवरीचे सुळके सूर्य मागे असताना नुसते काळे येतात. बाह्यरेषा हवी असेल तर ठीक, खडक दिसायला हवा असेल तर उजेड सुळक्यांवर पडेल अशी वेळ निवडा.
- म्हशाची यात्रा: पौष पौर्णिमेच्या या यात्रेतल्या गुरांच्या बाजारात सगळं हलत असतं. निदान १/२५० सेकंद ठेवा. फ्लॅश बंद ठेवा, जनावरं बुजतात.
- तानशाचं जंगल: झाडाखाली उजेड कमी, पक्षी लांब. कॅमेरा खांबाला किंवा झाडाला टेकवून धरा.

पावसाळ्यात धबधब्यांच्या परिसरात अनेकदा बंदी आदेश असतात. निघण्याआधी चौकशी करा.

४. फोटो फोनमध्ये कसे आणायचे?

टाईप-सी कार्ड रीडर फोनला लावा, फाईल्स अ‍ॅप उघडा आणि कार्डवरचं 'डीसीआयएम' फोल्डर कॉपी करा. जवळपास सगळेच डिजिटल कॅमेरे याच नावाच्या फोल्डरमध्ये फोटो ठेवतात. फोनमध्ये फोटो उघडतायत याची खात्री झाल्यावरच कार्ड रिकामं करा.

५. कुठे शेअर करायचं?

- व्हॉट्सअ‍ॅप: नेहमीसारखा पाठवला तर फोटो दाबून लहान केला जातो. एचडी पर्यायाने थोडा बरा जातो. मूळ फाईल हवी तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. पक्ष्याच्या डोक्यावरचे ठिपके ओळखायचे असतील तर डॉक्युमेंटच हवं.
- गुगल फोटोज: बॅकअपसाठी चांगलं. पण १ जून २०२१ पासून अमर्याद मोफत जागा बंद झाली. जीमेल, ड्राइव्ह धरून १५ जीबी मिळते.
- आयनॅचरलिस्ट: झाड, किडा, पक्षी यांचा फोटो टाका, ओळखायला जगभरचे लोक मदत करतात. इथे तारीख आणि ठिकाणाला महत्त्व आहे.
- विकिमीडिया कॉमन्स: इथला फोटो विकिपीडियावर वापरता येतो. फक्त स्वतः काढलेला फोटो टाका. क्रिएटिव्ह कॉमन्स परवाना दिल्यावर तुमचं नाव देऊन कुणीही तो वापरू शकतो, धंद्यासाठीसुद्धा. परवाना मागे घेता येत नाही, म्हणून विचार करून टाका.

६. शेअर करण्याआधी दोन प्रश्न

ठिकाण सांगायचं का? फोनच्या फोटोत, आणि जीपीएस असलेल्या कॅमेऱ्याच्या फोटोत, अक्षांश-रेखांश लपलेले असतात. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो पाठवला तर ते निघून जातात, डॉक्युमेंट पाठवलं तर राहतात. म्हणजे जी युक्ती ठिपके वाचवते तीच घरट्याचा पत्ताही पुढे पाठवते. रानपिंगळा आजही धोक्यातल्या पक्ष्यांमध्ये आहे. घरट्याजवळ गर्दी झाली तर पक्षी घरटं सोडू शकतात. म्हणून दुर्मिळ प्राणी-पक्ष्याची मूळ फाईल अभ्यासकाला द्या, ग्रुपवर लोकेशन काढून टाका. आयनॅचरलिस्टवर 'ऑब्स्क्योर्ड' निवडलं की नेमकी जागा लोकांना दिसत नाही. स्वतःच्या घरी काढलेल्या फोटोंनाही हाच नियम लावा.

समोरच्याला विचारलं का? वाडीवर, पाड्यावर गेल्यावर कॅमेरा काढण्याआधी बोला. कातकरी, ठाकर, वारली कुटुंबांचे फोटो बाहेरून आलेले लोक काढतात, टाकतात आणि ज्यांचे आहेत त्यांना ते कधी दिसतही नाहीत. फोटो कुठे टाकणार ते सांगा, नको म्हणाले तर राहू द्या, हो म्हणाले तर एक प्रिंट नेऊन द्या. लहान मुलांचा फोटो असेल तर आई-वडिलांना विचारा आणि शाळेचं, वाडीचं नाव लिहू नका.

थोडक्यात

तारीख बरोबर लावा, बटण अर्धं दाबून फोकस करा, मूळ फाईल दोन ठिकाणी जपून ठेवा, लोकेशन तपासा, परवानगी घ्या. एवढं जमलं की कॅमेरा किती जुना आहे याने फार फरक पडत नाही.