जळक्या बेटांवरच्या पाकोळ्या

गोव्याहून खंबायत-सुरतेकडे जाणाऱ्या पोर्तुगीज गलबतांना वाटेत वेंगुर्ल्यासमोर भर समुद्रात काळ्या खडकांची रांग लागायची. त्यांनी या खडकांना 'जळकी बेटे' म्हटले. पुढे इंग्रजी नकाशांतही ती 'बर्न्ट आयलंड्स' झाली. शिडाच्या जहाजांना ही चुकवायचीच जागा. म्हणूनच इंग्रजांच्या काळात तिथे दीपगृह उभे राहिले.

माणसाने टाळलेली ही जागा पाखरांनी मात्र आपली मानली. पावसाळ्याच्या तोंडावर सुरय पक्षी इथे उघड्या कातळावर अंडी घालतात आणि गुहांत पाकोळ्या घरटी करतात. पाकोळीचे घरटे तिच्या वाळलेल्या लाळेने बांधलेले असते. चीनमध्ये या घरट्यांचे सूप मोठ्या किमतीला विकले जाते, आणि तेच पाकोळीच्या मुळावर आले. घरटे खरवडले की अंडी-पिल्ले जातात; ती बिचारी पुन्हा लाळ गाळत बसते.

पक्षितज्ज्ञ हुमायून अब्दुलअली यांनी १९४० च्या सुमारास या बेटांवरच्या पाखरांचा अभ्यास केला. २००१ पासून चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' संस्थेने घरटेचोरीविरुद्ध काम केले.

आता पर्यटकांच्या होड्याही तिकडे वळतात. चोर घरटे नेतो हे खरे, पण आपण हौसेने कातळावर उतरलो तरी सुरय अंडी सोडून उडतात आणि ती उन्हात तापत राहतात. तेव्हा बेटे जरूर पाहावीत, पण होडीतूनच. जुन्या तांडेलांसारखे जरा लांबून गेलेले बरे!