पामिटिक अम्ल : नाम आणि ज्ञान यांचा इतिहास

शहापूर व मुरबाड तालुक्यांतील पाड्यांवर मोहाच्या बियांचे तेल काढण्याची वहिवाट जुनी आहे. हे तेल थंडीत गोठते, त्याचे कारण त्यातील स्टिअरिक व पामिटिक ही अम्ले होत. यांपैकी पामिटिक अम्लाचा इतिहास येथे द्यावयाचा आहे. कारण तेच अम्ल मनुष्याच्या फुप्फुसातही असते आणि अपुऱ्या दिवसांच्या अर्भकाचे जगणे त्यावर पुष्कळसे अवलंबून असते.

प्रथम नामाविषयी. फ्रेंच रसायनज्ञ शेव्हरल याचा प्राणिज स्निग्ध पदार्थांवरील ग्रंथ १८२३ मध्ये प्रसिद्ध झाला. मोत्यासारख्या झळकणाऱ्या एका अम्लास त्याने मोती या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून 'मार्गारिक' म्हटले होते. १८४० मध्ये फ्रेमी याने पाम तेलातील अम्लास त्या तेलावरून 'पामिटिक' हे नाव दिले. पुढे हाइन्ट्स याने दाखविले की, शेव्हरलचे मार्गारिक अम्ल म्हणजे पामिटिक व स्टिअरिक यांचे मिश्रण होय. पदार्थ गेला, नाव मात्र 'मार्गारिन'च्या रूपाने वाण्याच्या दुकानात उरले! मराठीत या वर्गास विश्वकोश 'वसाम्ल' म्हणतो, शालेय पुस्तके 'मेदाम्ल'. चरकाने चतुर्विध स्नेहांत वसा ही तेलाहून वेगळी गणली आहे. सबब मोहाच्या तेलातील अम्लास वसाम्ल म्हणणे आम्हांस खटकते. मेद हाही शरीराचाच धातू, हे खरे. परंतु तो शब्द आता रुळला आहे.

फुप्फुसाकडे लक्ष वळले ते १९२९ मध्ये. फॉन नीरगार्ड याने फुप्फुस एकदा हवेने व एकदा द्रवाने फुगवून पाहिले. द्रवाने ते फारच कमी दाबात फुगले. अर्थात वायुकोशांच्या ओल्या अस्तरावरील पृष्ठताण हीच मुख्य अडचण होती. नवजाताच्या पहिल्या श्वासाशी याचा संबंध असावा, हेही त्याने सुचविले. हा जर्मन निबंध सुमारे पाव शतक दुर्लक्षित राहिला. क्लेमेंट्स याने १९५७ मध्ये फुप्फुसातील पृष्ठताण कमी करणाऱ्या द्रव्याचे प्रात्यक्षिक दिले, तर १९५९ मध्ये मेरी एलन एव्हरी व जेरे मीड यांनी श्वास कोंडून दगावलेल्या अकालजात अर्भकांत त्याचीच उणीव दाखविली. या द्रव्याच्या मुख्य घटकाच्या प्रत्येक रेणूत पामिटिक अम्लाच्या दोन साखळ्या असतात. त्यांतील काही अम्ल रक्तातून येते, काही वायुकोशांच्या अस्तरातील विशिष्ट पेशी शर्करेपासून स्वतः घडवितात.

१९७२ मध्ये ऑकलंड येथील लिगिन्स व होवी यांनी मातेस प्रसूतीपूर्वी स्टेरॉइड दिल्यास अर्भकाचा हा श्वासविकार घटतो, असे सिद्ध केले. या औषधाने उक्त पेशींतील मेदाम्लनिर्मितीसही चालना मिळते. भारत सरकारच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांनी २४ ते ३४ आठवड्यांच्या दरम्यान कळा सुरू झालेल्या स्त्रीस मोठ्या रुग्णालयात धाडण्यापूर्वी डेक्सामेथासोनची पहिली मात्रा देण्याची मुभा उपकेंद्रातील परिचारिकेस दिली. गर्भवतीस डोलीतून नेण्याचे प्रसंग शहापूरकडे अलीकडच्या वर्षांतही घडले आहेत. तेव्हा या मुभेचे मोल येथे अधिक. अशा वेळी आईस समजाविताना वसाम्ल वा मेदाम्ल यांपैकी एकही शब्द कामास येत नाही. 'बाळाला नीट श्वास घेता यावा म्हणून सुई' एवढेच सांगावे लागते.